अभ्यास कोणाचा, नेतृत्व कोणाचे?

जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांची आठवण मुंबईला वर्षातून दोनदाच होते. पावसाळ्यात बालमृत्यूंवरून विधिमंडळ गाजते तेव्हा एकदा, आणि उन्हाळ्यात वैतरणेच्या धरणांत पाणी किती उरले याची चिंता पडते तेव्हा दुसऱ्यांदा. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात शंभरावर बालके कुपोषणाने दगावली. मंत्री आले, पत्रकार आले, त्यांच्या पाठोपाठ अभ्यास करणारे आले. २०१६ मध्ये मोखाड्यातील खोच गावच्या बालमृत्यूनंतर पुन्हा तीच वर्दळ झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये बोटोशी ग्रामपंचायतीतील मरकटवाडीत रस्ता नसल्याने एका बाळंतिणीला डोलीतून न्यावे लागले आणि तिची जुळी बाळे गेली, तेव्हाही हळहळ झाली, पाहणी झाली. या भागाचा अभ्यास झाला नाही, अशी तक्रार कोणालाही करता येणार नाही. अभ्यास पुष्कळ झाला, पदव्याही मिळाल्या. त्यातले पाड्यावर काय राहिले, एवढेच विचारायचे बाकी आहे.

हा प्रश्न आज काढण्याचे कारण असे की, चिकित्सा-मानसशास्त्राच्या शिक्षणाची घडी देशात नव्याने बसवली जात आहे. भारतीय पुनर्वास परिषदेच्या देखरेखीखाली चालणारा दोन वर्षांचा एम.फिल. अभ्यासक्रम हे या व्यवसायाचे आजवरचे मुख्य प्रवेशद्वार होते. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. ही पदवीच मोडीत काढली. या एका विषयापुरती आणि मनोरुग्णांच्या समाजकार्यापुरती तिला २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंत मुदतवाढ मिळाली. पुढच्या पिढीच्या मानसतज्ज्ञाने काय शिकावे, कोठे शिकावे आणि कोणासाठी शिकावे, हे ठरण्याचा हा काळ आहे. असे निर्णय दिल्लीच्या समित्यांत तज्ज्ञमंडळी आपसांत घेतात आणि चळवळीला त्यांची वार्ता लागते ती दहा वर्षांनी, हा नेहमीचा अनुभव आहे.

रुग्णालयात राहून प्रशिक्षण घेणाऱ्या तरुण मानसतज्ज्ञाने केवळ रुग्ण तपासून थांबू नये. त्याने एक अभ्यासप्रकल्प तडीस न्यावा आणि रुग्णालयाच्या कामकाजात एखादी सुधारणा स्वतः पुढाकार घेऊन घडवून आणावी, ही कल्पना पाश्चात्त्य देशांत रुळलेली आहे. १९४९ साली अमेरिकेतील बोल्डर येथे भरलेल्या परिषदेने संशोधन आणि उपचार ही दोन्ही अंगे एकाच प्रशिक्षणात असावीत असा दंडक घातला, त्याचेच हे पुढचे रूप. कल्पना चांगली आहे. आपल्याकडेही विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. पण प्रबंध विद्यापीठाला सादर केला की विद्यार्थ्याची जबाबदारी संपते; ज्या रुग्णालयातील रुग्णांवर तो लिहिला, त्या रुग्णालयात त्यामुळे काय बदलले, हे परीक्षक विचारत नाहीत. आणि हे प्रबंध बहुधा मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत होतात, कारण मार्गदर्शक तिथे असतो. जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात असा मार्गदर्शक आणून बसवला पाहिजे, असे कोणाच्या मनातही येत नाही.

गरज मात्र तिथे आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली जाहीर झाला. जिल्हा पातळीवरची त्याची अंमलबजावणी सुरू व्हायला १९९६ उजाडले. त्यानंतर वीस वर्षांनी झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात असे आढळले की, निरनिराळ्या मानसिक आजारांच्या १०० रुग्णांपैकी ७० ते ९२ जणांपर्यंत कोणताही उपचार पोहोचलेला नाही. २०१७ च्या कायद्याने सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क ठरवला. हक्क कागदावर आला. परंतु मोखाड्याच्या माणसाला ठाण्याचे १९०१ साली स्थापन झालेले मनोरुग्णालय आजही शंभरावर किलोमीटर दूर आहे, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्याचे मुख्यालयही त्याच्या दृष्टीने एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडून गाठण्याचे ठिकाण आहे. २०२२ पासून शासनाने १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीने समुपदेशनाची सोय केली. सोय स्तुत्य खरी, पण ज्या पाड्यावर मोबाईलला रेंज मिळावी म्हणून टेकडी चढावी लागते, तिथे तिचा लाभ टेकडी चढू शकणाऱ्यालाच होणार!

येथे पक्षातील काही जुन्या कार्यकर्त्यांचा एक आक्षेप ऐकू येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. जिथे पोटाला भाकर नाही, रोजगार हमीचे काम वेळेवर मिळत नाही, दिवाळीनंतर घरेच्या घरे भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात, तिथे मनाच्या आजाराची चर्चा म्हणजे सुखवस्तूंची चैन नव्हे काय? भुकेल्याला समुपदेशन देणे ही त्याची क्रूर थट्टा होय, असे हा आक्षेप सांगतो. त्यात तथ्य किती, याचे उत्तर अनुमानाने देण्याची गरज नाही. ते मोजले गेले आहे.

गोव्यात म्हापशाच्या रुग्णालयात बाळंत झालेल्या स्त्रियांचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. कोकणीत उतरवलेली प्रश्नावली घेऊन विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसूतीनंतर काही आठवड्यांनी मातांची विचारपूस केली आणि सहा महिन्यांनी त्यांच्या बाळांची वजने केली. ज्या माता प्रसूतीनंतरच्या खिन्नतेने ग्रासल्या होत्या, त्यांच्या बाळांत कमी वजनाचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक निघाले. पुढे पाकिस्तानात, रावळपिंडीच्या ग्रामीण भागात, गावातल्याच आरोग्यसेविकांना थोडे प्रशिक्षण देऊन अशा मातांना भेटी देण्याचा प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २००८ साली आला. सहा महिन्यांनंतर नेहमीच्या सेवेतील १०० पैकी ५३ माता खिन्नतेत होत्या, तर भेटी मिळालेल्यांत हे प्रमाण २३ होते. बाळांचे जुलाब कमी झाले, लसीकरण वाढले. परंतु बाळांच्या वजन-उंचीत ठळक फरक पडला नाही. हे शेवटचे वाक्य दोन्ही बाजूंनी नीट वाचावे. आईचे मन सावरले की बाळाची काळजी अधिक नीट घेतली जाते, हे त्यातून सिद्ध होते. आणि आईच्या मनावर कितीही फुंकर घातली तरी ताटात अन्न वाढत नाही, हेही. २०१५ साली सुरू झालेल्या अमृत आहार योजनेतील गरोदर स्त्रीचे एक वेळचे गरम जेवण जर खंडित झाले, तर त्याची भरपाई जगातला कोणताही मानसतज्ज्ञ करू शकणार नाही. आक्षेप घेणारे अर्धे बरोबर आहेत. उरलेले अर्धे समजून घेण्यासाठी त्यांनी पोषण पुनर्वसन केंद्राच्या दारात उभे राहावे.

तीव्र कुपोषित बालकाला आईसह सुमारे १४ दिवस या केंद्रात ठेवायचे असते. आईची मजुरी बुडते म्हणून तिला भरपाई देण्याची तरतूदही आहे. तरीही आया मधूनच निघून जातात. केसपेपरवर नोंद होते: वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी गेली. बैठकीत त्या नोंदीचे भाषांतर होते ते असे की, आदिवासी पालक अडाणी आहेत, ऐकत नाहीत, भगताकडे जातात. तिचे दुसरे मूल घरी कोणाच्या भरवशावर आहे, आवणीचे दिवस आहेत का, नवऱ्याने मुकादमाकडून उचल घेतली आहे का, आहारतज्ज्ञ बोलते ती भाषा तिला किती समजते, आदल्या वर्षी याच खाटेवरून एखादे मूल परत गेले नव्हते का, हे विचारायला तिथे माणूस नाही. विचारले तरी ऐकून घ्यायला वेळ नाही. शिकाऊ मानसतज्ज्ञाच्या अभ्यासप्रकल्पाचा विषय नेमका हा असला पाहिजे. हा विषय परदेशी नियतकालिकात चमकणार नाही, कदाचित. पण आया का निघून जातात याचे खरे उत्तर मिळाले, तर केंद्रात आईबरोबर धाकट्या भावंडालाही ठेवून घेण्यापासून भरपाईची रक्कम घरी जाण्यापूर्वी हातात देण्यापर्यंत अनेक गोष्टी रुग्णालयाच्या पातळीवरच बदलता येतील.

अशा अभ्यासाचा एक जुना दाखला आहे. फ्रान्झ फॅनन नोव्हेंबर १९५३ मध्ये फ्रेंच अमलाखालील अल्जीरियातील ब्लिदा येथील मनोरुग्णालयात डॉक्टर म्हणून रुजू झाला. जाक आझुले हा शिकाऊ डॉक्टर त्याच्या हाताखाली होता. फ्रान्समध्ये यशस्वी ठरलेली सामूहिक उपचाराची पद्धत, म्हणजे बैठका, वार्तापत्र, सण-समारंभ, गाणी, हस्तकला, दोघांनी तिथे आणली. युरोपीय स्त्रियांच्या विभागात ती उत्तम चालली. अल्जीरियन मुसलमान पुरुषांच्या विभागात ती साफ कोसळली. रुग्ण बैठकांना येईनात, आले तर बोलेनात. वसाहतवादी मानसशास्त्राकडे यावर तयार उत्तर होते: हा समाजच मागासलेला, त्याच्या मेंदूतच खोट! फॅनन आणि आझुले यांनी अपयशाचे कारण रुग्णांत शोधण्याऐवजी आपल्या पद्धतीत शोधले. भाषा दुभाष्यामार्फत, सण परके, कामे अशी की जी त्या समाजात पुरुष करीतच नाहीत. मग रुग्णालयात त्यांच्या पद्धतीचे कॉफीगृह निघाले, त्यांचे सण साजरे होऊ लागले, कथा सांगणारे येऊ लागले. आझुलेने आपला प्रबंध याच विषयावर लिहिला आणि १९५४ मध्ये दोघांनी मिळून या अपयशाची मीमांसा प्रसिद्ध केली. एका प्रशिक्षणार्थ्याचा प्रकल्प किती दूरवर पोहोचू शकतो, ते यावरून दिसते.

इतक्या दूर जायचे नसेल तर डहाणू तालुक्यातील कोसबाडपर्यंत जावे. तो आज याच जिल्ह्याचा भाग आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९५७ मध्ये बोर्डीहून तिथे गेल्या. वारली मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखतात, हे दिसले तेव्हा त्यांनी पालकांच्या अज्ञानावर निबंध लिहिला नाही. शाळाच कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. देशातील लाखो अंगणवाड्यांच्या नावामागे आणि कल्पनेमागे ताराबाईंच्या अशाच प्रयोगांचे ऋण आहे, याचा विसर अंगणवाडी चालवणाऱ्या खात्यालाही पडलेला दिसतो.

भाषेचा मुद्दा येथे विस्ताराने मांडणे आवश्यक आहे, कारण त्यातच सर्वांत मोठा धोका दडलेला आहे. बुद्धिमापनाच्या ज्या चाचण्या महाराष्ट्रातील रुग्णालयांत वापरल्या जातात, त्यांपैकी एक बिने-कामत चाचणी. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कन्नड मुलांसाठी ती तयार केली आणि त्या काळी ते मोठेच काम होते. दुसरी मालिन यांची, नागपुरात सिद्ध झालेली. या चाचण्यांतील मराठी ही शाळेची मराठी आहे. जव्हार-मोखाड्यातील मूल घरी वारली बोलते, कोकणा बोलते, कातकरी किंवा ठाकरी बोलते. आश्रमशाळेत ते पहिल्यांदा प्रमाण मराठी ऐकते. अशा मुलापुढे शिकाऊ मानसतज्ज्ञाने चाचणीची पेटी उघडली, मूल गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याचा गुणांक काढला गेला, तर प्रमाणपत्रावर उमटणारा ‘मतिमंद’पणाचा शिक्का मुलाचा असेल की चाचणीचा? ज्या मुलाला रानातल्या पन्नास वनस्पतींची नावे आणि उपयोग ठाऊक आहेत, ते मूल शहरी घरातल्या वस्तूंची चित्रे ओळखू शकत नाही म्हणून मंद ठरते. उलट, ज्याला खरोखरच मदतीची गरज आहे ते मूल ‘आदिवासी मुले अशीच असतात’ या समजुतीखाली दुर्लक्षित राहते. दोन्ही अन्याय एकाच अज्ञानातून जन्मतात. चाचण्यांची, निदान प्रश्नावल्यांची, या बोलींत पडताळणी करणे हे दोन-तीन प्रशिक्षणार्थ्यांनी मिळून हाती घ्यावे असे काम आहे. त्यासाठी स्थानिक महाविद्यालयांत शिकणारी वारली, कोकणा, ठाकूर मुले-मुली दुभाषे म्हणून नव्हे, तर सहसंशोधक म्हणून घ्यावी लागतील आणि त्यांची नावे अहवालावर यावी लागतील. त्यांना मानधनही दिले पाहिजे. विद्यार्थ्यांचे अनुभवकथन म्हणून फुकट राबवून घेण्याची पद्धत विद्यापीठांनी आता सोडावी.

भगताचा प्रश्न नाजूक आहे. त्याच्याकडे जाणारा माणूस मूर्ख नसतो. रात्री दोन वाजता पाड्यावर हाकेला धावणारा दुसरा कोणी नसतो, एवढेच. परंतु चेटकीण ठरवून स्त्रीला मारहाण होते तेव्हा परंपरेचा आदर वगैरे शब्द वापरणे म्हणजे त्या स्त्रीला वाऱ्यावर सोडणे होय. त्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तो मिळवण्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी प्राण मोजले आहेत. प्रशिक्षणार्थ्याला ही रेषा ओळखता आली पाहिजे.

आता नेतृत्वाविषयी. हा शब्द व्यवस्थापनाच्या वर्गांतून मानसशास्त्रात आला, आणि येताना तिथला वासही घेऊन आला. पुढाकार घेणाऱ्या विद्यार्थ्याचे छायाचित्र, प्रशस्तिपत्र, पुढे परदेशी प्रवेशअर्जात एक ओळ, असा त्याचा प्रवास होऊ शकतो. वेगळा प्रवासही महाराष्ट्राने पाहिला आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात छळ सोसणाऱ्या स्त्रियांसाठी विशेष साहाय्य कक्ष सुरू केला. एका शिक्षणसंस्थेचा तो क्षेत्रीय प्रकल्प होता. पोलीस ठाण्यात समाजकार्यकर्ती बसणार, हीच तेव्हा नवलाई होती. पुढे राज्य शासनाने तो स्वीकारला आणि तो इतर जिल्ह्यांत गेला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घेण्यास शिकवले. तिथले नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा अहवाल १९९९ मध्ये आला आणि २०११ पासून ती पद्धत आशा सेविकांच्या मार्फत देशभर गेली. अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ या प्रकल्पाने ३० गावांत गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांमार्फत खिन्नतेच्या रुग्णांपर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न केला, तेव्हा मदत घेणाऱ्या रुग्णांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. या तिन्ही ठिकाणी काम अखेर स्थानिक स्त्रीच्या किंवा शासकीय यंत्रणेच्या हाती सोपवण्याच्या हिशेबाने उभे राहिले.

पण इथेच सावध राहण्याची गरज आहे. ‘सामान्य माणूसही समुपदेशन करू शकतो’ हा शास्त्रीय निष्कर्ष अर्थखात्याच्या हाती पडला की त्याचा अर्थ ‘तज्ज्ञ नेमण्याची गरज नाही’ असा होतो. आशा सेविका सरकारच्या लेखी कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. तिला वेतन नाही, मोबदला आहे. याच मोबदल्यासाठी महाराष्ट्रातील आशांना २०२३ मध्ये संपावर जावे लागले. तिच्या पिशवीत आता मनाच्या आजाराची प्रश्नावलीही टाकायची आणि त्याला लोकसहभाग म्हणायचे, ही शुद्ध पिळवणूक आहे. तीच गोष्ट प्रशिक्षणार्थ्यांची. मेळघाटच्या कुपोषणावरील जनहित याचिकांच्या सुनावणीत आदिवासी भागातील रिक्त पदांवरून मुंबई उच्च न्यायालयाने शासनाला वर्षानुवर्षे धारेवर धरले आहे. अशा स्थितीत स्वस्तातला शिकाऊ मानसतज्ज्ञ सहा महिन्यांसाठी पाठवून पद भरल्याचे दाखवण्याचा मोह शासनाला होणारच. म्हणून जव्हारच्या कुटीर रुग्णालयात चिकित्सा-मानसतज्ज्ञाचे कायम पद आधी मंजूर व्हावे, भरले जावे, आणि त्या व्यक्तीच्या हाताखाली प्रशिक्षणार्थी यावेत, हा क्रम पक्षाच्या आमदारांनी आणि जिल्हा परिषद सदस्यांनी आग्रहाने मांडला पाहिजे. मार्गदर्शक शंभर किलोमीटरवर आणि विद्यार्थी एकटा खाटेपाशी, अशी व्यवस्था रुग्णालाही घातक आणि विद्यार्थ्यालाही. तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी दिवसभर मेलेल्या बाळांच्या आयांशी बोलून संध्याकाळी भाड्याच्या खोलीवर परतते, तेव्हा तिच्याशी बोलणारे कोणी असावे, हे मानसशास्त्राच्या शिक्षकांना तरी सांगावे लागू नये.

दुसरा आग्रह ग्रामसभेचा. जव्हार आणि मोखाडा अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला जे स्थान दिले, त्याचे महाराष्ट्राचे नियम २०१४ मध्ये आले. पाड्यावर अभ्यास करायचा तर विषय ग्रामसभेत सांगावा, आणि अभ्यास झाल्यावर निष्कर्ष तिथेच, त्यांच्या बोलीत, वाचून दाखवावेत. कोणा रुग्णाचे नाव किंवा हकिगत अर्थातच तिथे येऊ नये. मन मोकळे केलेल्या बाईची गोष्ट चावडीवर गेली तर पुन्हा कोणी बोलणार नाही. पण केंद्रातून आया का निघून जातात, आश्रमशाळेतली मुले दिवाळीच्या सुट्टीनंतर का परतत नाहीत, यावर ग्रामसभा विद्यार्थ्याचा निष्कर्ष खोडून काढू शकते, आणि तो खोडला गेला तर प्रबंधात तसे लिहावे. परीक्षकांनी अशा प्रबंधाचे गुण कापू नयेत, वाढवावेत.

राहता राहिली वेळापत्रकाची गोष्ट, जी क्षुल्लक वाटते आणि नाही. विद्यापीठांचे प्रशिक्षणार्थी गावाकडे निघतात ते सोयीच्या हवेत, हिवाळ्यात. त्याच वेळी जव्हार-मोखाड्याचे पाडे रिकामे असतात. म्हातारी माणसे आणि काही शाळकरी मुले मागे राहतात, बाकीची भट्ट्यांवर. हिवाळी पाहणीत आढळणारा आदिवासी समाज म्हणूनच नेहमी शांत आणि समाधानी दिसतो. माणसे परततात ती शिमग्याच्या सुमारास आणि पावसाआधी, आणि त्यांच्या हलाखीचे महिने जून ते सप्टेंबर. प्रकल्पाचा काळ तो असला पाहिजे, आणि निम्मा अभ्यास भट्टीवर जाऊन करण्याची तयारी असली पाहिजे. जव्हार आणि मोखाड्याच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या पाड्यांतून कोणती कुटुंबे कोणत्या भट्टीवर जातात याची यादी या दिवाळीपूर्वी केली, तर येणाऱ्या पहिल्या तुकडीच्या हातात काहीतरी खरे देता येईल.